दोन मठांचा पूल

(उंचावरून: घळ, हिरवं पाणी, पुलाच्या दोन कमानी)

दक्षिण फ्रान्स. मोंपेलिए शहराच्या वायव्येला साधारण ३० किलोमीटर. सेवेनच्या डोंगरांतून निघालेली एरो नदी चुनखडीच्या कड्यांतून वाट काढत इथवर येते. इथे घळ संपते आणि द्राक्षमळ्यांचा सपाट मुलूख सुरू होतो. नेमक्या त्या उंबऱ्यावर हा पूल उभा आहे. वय जवळजवळ १००० वर्षं.

नकाशावर नाव आहे ‘पाँ द्यु द्याब्ल’, म्हणजे सैतानाचा पूल.

(पाण्याच्या पातळीवरून: काळसर डोह, वर कमान)

गोष्ट अशी सांगतात. इथल्या एका मठाचा संस्थापक संत गियेम दिवसभर पूल बांधायचा आणि रात्री सैतान येऊन तो पाडायचा. शेवटी सौदा ठरला. सैतानाने पूल पुरा करायचा आणि त्यावरून जो पहिला जीव जाईल तो त्याचा. गियेमने एका जनावराच्या शेपटीला पातेलं बांधलं आणि ते पुलावर सोडलं. कुणी कुत्रा म्हणतं, कुणी मांजर. फसलेल्या सैतानाने पूल पाडायचा प्रयत्न केला, तो जमेना, म्हणून त्याने या डोहात उडी टाकली. तो परत वर येऊ नये म्हणून यात्रेकरू जाता जाता पाण्यात दगड टाकत.

गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. गियेम ८१२च्या सुमारास वारला. पूल बांधायचा करार झाला १०३०च्या सुमारास. दोघांमध्ये २०० वर्षांचं अंतर आहे.

आपल्याकडेही जुनं दगडी देऊळ दिसलं, की पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं सांगतात. ज्याने उन्हात बसून दगड घडवला, त्याचं नाव कुणी घेत नाही. इथेही तसंच झालं. म्हणून ही फिल्म सैतानाबद्दल नाही.

(आनियान गाव. मग सें-गियेमच्या गल्ल्या, मठाचं चर्च)

नदीच्या एका अंगाला आनियान. तिथे ७८२ साली बेनेदिक्त नावाच्या संन्याशाने मठ काढला. दुसऱ्या अंगाला, घळीत आत, जेलोन, म्हणजे आजचं सें-गियेम. हा मठ ८०४चा. तो काढणारा गियेम शार्लमेन बादशहाचा नातलग, तुलूझचा सरदार. बार्सिलोना जिंकणाऱ्या फौजेत तो होता. पुढे तलवार ठेवली आणि याच मठात साधू होऊन राहिला. ख्रिस्ताच्या क्रुसाचा म्हणून मानला जाणारा लाकडाचा तुकडा इथे ठेवलेला होता. त्याच्या दर्शनाला लोक यायचे आणि इथूनच पुढे स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघायचे.

दोन मठ शेजारी, पण त्यांचं पटत नव्हतं. जेलोन आमच्या हाताखालचा, असं आनियानचं म्हणणं. जेलोनला ते कबूल नव्हतं. हे भांडण पिढ्यान् पिढ्या चाललं. आपला हक्क सिद्ध करायला दोन्हीकडून बनावट कागदसुद्धा तयार झाले.

आणि याच दोघांनी हा पूल बांधायचं ठरवलं. अर्धा आनियानने, अर्धा जेलोनने.

(पुलाचा कठडा, त्यावर हळूहळू सरकणारा कॅमेरा)

करारातल्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पुलावर कुणी चर्च किंवा गढी बांधायची नाही. आणि पुलावरून जाणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. त्या काळात पूल म्हणजे हुकमी उत्पन्न होतं. ज्याच्या ताब्यात पूल, त्याच्या ताब्यात वाट. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन घरांनी ते उत्पन्न लिहून सोडून दिलं.

(दगडाचे क्लोज-अप: सांधे, घडीव कडा, कमानीची खालची बाजू)

आता कॅमेरा जवळ नेऊ. हा भाग घाईने बघण्यासारखा नाही.

भोवतालचा सगळा डोंगर चुनखडीचा. बांधायला दगड इथलाच, आणि तोच दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना. तो पाण्यात विरवायचा, त्यात वाळू कालवायची, की सांध्यात भरायचा माल तयार. नदीतलं काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. खांब खडकावर टेकलाच पाहिजे, गाळावर टेकला तर पहिल्या पुरात गेला.

खांब वर आले की सुतारांची पाळी. अर्धगोल कमान हवेत आपोआप उभी राहत नाही. आधी तिच्याच आकाराचं लाकडी सेंटरिंग बांधावं लागतं. प्रत्येक दगड पाचरीच्या आकाराचा, वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळता. गवंडी दोन्ही टोकांकडून एकेक दगड चढवत येतात. एका बाजूने पुढे जाऊन चालत नाही, वजन एकीकडे पडलं तर सेंटरिंगच कलंडतं. म्हणून दोन्ही बाजू बरोबरीने. शेवटी मधोमध एक फट उरते. तिथे कळीचा दगड ठोकून बसवतात. आता प्रत्येक दगड खाली पडू बघतो आणि शेजाऱ्यामुळे अडतो. चुना आळू द्यायचा आणि मग एकेक पाचर सैल करत लाकूड काढून घ्यायचं. त्या क्षणी खाली उभ्या असलेल्या माणसांना काय वाटलं असेल?

(खांबाच्या वरची मोकळी खिडकी, तिच्यातून आकाश)

दोन मोठ्या कमानींच्या मध्ये, खांबाच्या वर, ही मोकळी जागा बघा. ती शोभेसाठी नाही. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची ओली हवा सेवेनच्या डोंगरांवर आदळते आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. आज दिसणारी ही शांत नदी तेव्हा लाल-तपकिरी होऊन घळीतून धावत येते. पाणी चढलं की या खिडकीतूनही वाहून जातं, पुलाच्या छाताडावरचा दाब कमी होतो. ज्याने ही खिडकी ठेवली त्याला नदी ठाऊक होती.

(एकाच चौकटीत: जुना पूल, कालव्याचा पूल, रस्त्याचा पूल)

पुढच्या शतकांत गाड्या आल्या, पूल रुंद केला गेला. शेजारी द्राक्षमळ्यांना पाणी नेणारा कालव्याचा पूल झाला, मग मोटारींसाठी वेगळा. फ्रेंच राज्यक्रांतीत जेलोनचा मठ बंद पडला, त्याच्या ओवऱ्यांचे दगड विकले गेले. त्यांतले कित्येक आज न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहेत. १९९८ साली सांतियागोच्या यात्रामार्गांबरोबर मठ आणि पूल दोन्ही युनेस्कोच्या यादीत आले.

(नदीकाठची गोटाळ वाळू, पोहणारी मुलं, कयाक. आवाज तसाच राहू द्यावा.)

(संध्याकाळ. पुलावर पाठीला पिशवी लावलेली एक बाई, पिशवीवर शिंपला)

शिंपला ही सांतियागोच्या यात्रेकरूची खूण. ही बाई आनियानकडून आली आहे, मुक्काम सें-गियेमला. पुलाच्या मध्यावर ती क्षणभर थांबते, कठड्यावरून खाली डोहाकडे बघते आणि चालू लागते. पलीकडच्या टोकाला तिला कुणी अडवत नाही, कुणी पैसे मागत नाही. करारात तसंच लिहिलं होतं.