गाणाऱ्याचा संगणक आणि वाजवणाऱ्याचा संगणक

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणारी माणसे सांगली-मिरजेत आता पुष्कळ आहेत. भजनी मंडळातले पेटीवादक, नाट्यपदे गाणाऱ्या शिक्षिका, सतारीचा रियाज करणारे विद्यार्थी आणि गणेशोत्सवासाठी गाणी बांधणारी तरुण मुले या सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे कोणता संगणक घ्यावा. या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण या मंडळींचे काम एक नाही. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, मला संगणकात आवाज साठवायचा आहे, की संगणकाकडूनच तो वाजवून घ्यायचा आहे? गायक आणि सतारिये पहिल्या गटात येतात. कीबोर्डची पट्टी दाबून संगणकातून व्हायोलिनचा ताफा, ढोल किंवा बासरी उमटवणारा संगीतसंयोजक दुसऱ्या गटात येतो. पहिल्याचे काम जुन्या संगणकावरही उत्तम होते. दुसऱ्याला मात्र पैसे मोजावे लागतात. दुकानात हा भेद कोणी विचारत नाही, म्हणून अनेक गायक संयोजकाचा संगणक विकत घेतात आणि मग चांगल्या माईकसाठी त्यांच्याकडे पैसे उरत नाहीत.

हा भेद कशामुळे पडतो, ते थोडे सविस्तर पाहू. माईकमधून आलेला आवाज ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि संगणक यांना जोडणारी पेटी, एका सेकंदात 44,100 किंवा 48,000 वेळा मोजतो. ही मोजमापे एकेक करून संगणकाकडे जात नाहीत, ती ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याने जातात आणि त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. पंगतीत वाढपी लहान भांडे घेऊन निघाला तर पानावर वरण लवकर पडते, पण त्याला स्वयंपाकघरात सतत हेलपाटे घालावे लागतात आणि एखादा हेलपाटा लांबला की पान रिकामे राहते. मोठे भांडे घेतले तर हेलपाटे कमी होतात, पण भांडे भरेपर्यंत पंगत ताटकळते. संगणकातले रिकामे पान म्हणजे मुद्रणात येणारी टिकटिक आणि तुटलेला आवाज, तर ताटकळणे म्हणजे ज्याला लेटन्सी म्हणतात तो विलंब.

48,000 च्या वेगाने 128 मोजमापांचा बफर भरायला सुमारे 2.7 मिलिसेकंद लागतात आणि 1,024 चा भरायला 21.3 मिलिसेकंद. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा थांबतो. म्हणजे मोठ्या बफरवर आपलाच आवाज हेडफोनमध्ये निदान 43 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. हवेत ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. तबलजी दोन मीटरवर बसला असेल तर त्याची थाप आपल्याला सहा मिलिसेकंद उशिरा येते आणि त्याने कोणाचीही लय बिघडत नाही. पण 43 मिलिसेकंद म्हणजे तबला जवळजवळ पंधरा मीटर दूर नेऊन ठेवल्यासारखे आहे, आणि इतक्या अंतरावरून संगत होत नाही.

पण गायकाला या विलंबाशी झगडण्याची गरजच नसते. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण किंवा खुंटी असते. ती वापरली की माईकचा आवाज संगणकात जाऊन परत न येता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर खुशाल 1,024 ठेवावा. संगणकावरचा ताण एकदम उतरतो आणि सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही बिनतक्रार चालतो. कीबोर्ड वाजवणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याने पट्टी दाबल्यावर आवाज संगणकातच तयार व्हायचा असतो, त्यामुळे त्याला 64 किंवा 128 चा बफर हवा आणि तेवढ्या थोड्या वेळात काम उरकणारा प्रोसेसरही हवा.

प्रोसेसर निवडताना कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे त्याचे भाग) किती, यापेक्षा एकेका कोअरचा वेग किती, हे आधी बघावे. एका ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र मुद्रित केलेल्या एका आवाजावर, एकामागे एक लावलेल्या प्लगइनांची (आवाज बदलणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरांची) साखळी क्रमानेच चालते, ती अनेक कोअरमध्ये वाटून देता येत नाही. रॅमचा, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या स्मृतीचा, हिशेब सोपा आहे. नुसत्या मुद्रणाला 8 जीबी पुरते, वाद्यांचे नमुने भरून वाजवायचे असतील तर 16 घ्यावी, आणि मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद मांडायचा असेल तरच 32 चा विचार करावा. ॲपलच्या सध्याच्या लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तिथे खरेदीच्या वेळीच दूरवरचा विचार करावा लागतो. साठवणीसाठी एसएसडीच, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्यावी. 24 बिट आणि 48,000 या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी जागा घेतो. दहा ट्रॅकवरची तासाभराची मैफल पाच जीबीच्या थोडी वर जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे किती मोठी डिस्क घ्यावी, याचा अंदाज ज्याचा त्याला येईल.

माहितीपत्रकात न लिहिलेला एक गुण मात्र मी सर्वांत वर ठेवतो, तो म्हणजे शांतता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत छताचा पंखा बंद करून मुद्रण करावे लागते, खोली तापते, त्यासोबत लॅपटॉप तापतो आणि त्याचा पंखा नेमका आलापीच्या वेळी गुरगुरू लागतो. तो आवाज तंबोऱ्याखाली झाकला जात नाही. 2020 च्या अखेरीस आलेल्या एम1 प्रोसेसरपासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, आणि केवळ या कारणासाठी एकट्याने गाऊन मुद्रण करणाऱ्यांना मी तो सुचवतो. ज्यांच्याकडे पंख्याचा संगणक आहे, त्यांनी लांब तार घेऊन तो शेजारच्या खोलीत ठेवावा. हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

विजेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. जुन्या वाड्यांमध्ये आणि बैठ्या घरांमध्ये अर्थिंग धड नसते, त्यामुळे मुद्रणात 50 हर्ट्झची घुमी येते आणि दोष मात्र माईकला दिला जातो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. घुमी गेली, तर माईक बदलण्याऐवजी वायरमनला बोलवावे.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, पण एवढ्यावरून चांगला चाललेला जुना संगणक टाकून देऊ नये. इंटरनेटपासून तोडून तो फक्त मुद्रणासाठी ठेवता येतो, किंवा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि आर्डर हे मुद्रणाचे मुक्त सॉफ्टवेअर बसवता येते. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि संगणक यांचा संवाद जुळवणारे सॉफ्टवेअर, मात्र आवर्जून घालावा. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये आणलेली ही पद्धत आजही विलंब कमी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

आता मुद्रणाचे सॉफ्टवेअर. रीपर हे साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरचा आहे आणि ते जुन्या संगणकावरही हलके चालते. मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळते. त्याच्या पुढची पायरी असलेले लॉजिक प्रो ॲपलच्या मॅक आणि आयपॅडच्या बाहेर चालत नाही. एफएल स्टुडिओ तालाच्या आवर्तनांवरून गाणे बांधणाऱ्या तरुणांना फार आवडते, परंतु त्याच्या सर्वांत स्वस्त ‘फ्रुटी’ आवृत्तीत माईकचा आवाज मुद्रित करता येतो का, हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे. केवळ एक आवाज मुद्रित करून कापछाट करायची असेल, तर ऑडॅसिटी पुरते. चोरीच्या प्रती मी कोणालाही सुचवत नाही. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, त्यांच्यासोबत येणारे व्हायरस आणि मधेच बंद पडणारे प्रकल्प परवडणारे नसतात.

यापुढचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ही सॉफ्टवेअरे ज्या संगीतासाठी घडली, त्यात ठोका घड्याळाचा आणि स्वर पियानोचा असतो. पडद्यावरची चौकट (ग्रिड) तेच गृहीत धरून आखलेली असते. आपला विलंबित एकताल मात्र गायकाच्या श्वासाबरोबर वाढतो आणि घटतो. तो चौकटीत बसवू पाहणाऱ्यांना मी सांगतो की, ग्रिड बंद करा, मेट्रोनोम बंद करा आणि प्रत्येक समेवर एक खूण टाका. पुढे एखादे आवर्तन बदलायचे झाले तर समेपासून समेपर्यंत कापता येते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशा खुणा सहज टाकता येतात आणि लयीचा नकाशा वाजवणाऱ्याच्या मागून चालतो, तेच आपल्या उपयोगाचे.

स्वरांचे दुखणे याहून बारीक आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तर कीबोर्डवरचा गांधार बरोबर 400 सेंटवर. हा 14 सेंटांचा फरक तयार कानाला स्पष्ट कळतो. स्वर ‘सुधारणारे’ प्लगइन आपोआप चालू ठेवले, तर ते तंबोऱ्याशी मिळालेला गांधार उचलून पेटीच्या गांधारावर नेऊन बसवते, आणि दरबारीतल्या आंदोलनाला तर ते चूकच समजते. पेटी रागदारीला चालते का, हा वाद आकाशवाणीच्या काळापासूनचा आहे, आणि 1940 मध्ये तिथे पेटीवर बंदीही आली होती. त्या वादात मी पडत नाही. परंतु पेटी गायकाच्या शेजारी बसून वाजते, त्याच्या गळ्यात हात घालत नाही. म्हणून असे प्लगइन वापरायचेच असेल, तर एकेका स्वरावर हाताने फेरफार करू देणारे घ्यावे आणि मींड, आंदोलन यांना स्पर्श करू नये.

पट्टीचीही नोंद हवी. ‘काळी एक’ एवढे लिहून भागत नाही, कारण घरातली जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असते. तंबोरा तिच्याशी मिळवला, तर संगणकातली बासरी त्याच्याशी जुळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये वाद्यांची पट्टी सेंटांनी सरकवता येते. ती तंबोऱ्याकडे सरकवावी. तंबोरा संगणकाकडे ओढू नये.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत काम पाठवायचे असेल, तर त्यांच्याकडचेच सॉफ्टवेअर आपल्याकडे असले पाहिजे, हा गैरसमज आहे. प्रत्येक ट्रॅक अगदी शून्य सेकंदापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून द्यावा. ती कुठेही उघडते आणि आपापल्या जागी बसते.

शेवटी साठवणीबद्दल. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी या शहराच्या घराघरांत आले. त्यामुळे दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवण्याला इथे काही अर्थ नाही. ती वरच्या मजल्यावर ठेवावी, आणि तिसरी तासगाव किंवा विट्याच्या नातेवाइकांकडे द्यावी. पाठवताना नुसते तयार मिश्रण पाठवू नये. सुटे ट्रॅक द्यावेत आणि सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पट्टी, ताल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वापरलेल्या प्लगइनांची नावे लिहून ठेवावीत.