पानातला चुना

नमस्कार श्रोतेहो. पानाला चुना लावतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण आजचं पान विड्याचं नव्हे. कुठल्याही झाडाचं साधं हिरवं पान. त्यात चुन्यातलं कॅल्शियम आधीपासूनच असतं, आणि ते कुठे ठेवायचं याबाबत झाड भलतं काटेकोर असतं.

पेशीच्या भिंतीत ते भरपूर. पेशीच्या पोटात पाण्याची मोठी पिशवी असते, तिच्यातही भरपूर. पण जिथे पेशीचा खरा संसार चालतो, त्या पेशीद्रवात जवळजवळ नाहीच. बाहेर 10,000 कण मोकळे असतील तर आत एखादा! पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम फार झालं की फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो. म्हणून होडीतलं पाणी उपसावं तसं पेशी रात्रंदिवस कॅल्शियम बाहेर उपसत असते.

आता एवढ्या झाडून पुसून ठेवलेल्या घरात दार जरा किलकिलं झालं, तरी कळणारच की! झाडाने निरोपासाठी नेमकं हेच वापरलं. गारठा पडला, मुळाशी खारं पाणी आलं, अळीने चावा घेतला, की दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि थोड्या वेळात उपसलं जातं. तेवढ्यात निरोप पोचलेला असतो.

हे डोळ्यांना दिसलं कसं? 1991 साली एडिंबरामध्ये अँथनी ट्रेवावस यांच्या गटाने तंबाखूच्या रोपांत जेलीफिशचं एक प्रथिन घातलं. कॅल्शियम भेटलं की ते निळसर उजेड देतं. रोपांना नुसतं हात लावला, गार पाणी दिलं, तरी उपकरणात उजेडाची नोंद झाली.

त्याहून देखणा प्रयोग 2018 चा, मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांचा. मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं रोप, त्यावर अळी. अळी कुरतडते, जखमेपाशी उजेड होतो आणि तो देठातून सरकत, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, दूरच्या पानांत जाऊन पोचतो. अळी तिकडे फिरकलेलीसुद्धा नसते, पण ती पानं बचावाची तयारी करू लागतात. या लाटेला सुरुवात करून देतं ग्लुटामेट. हो, चायनीजच्या गाडीवर कढईत चिमूटभर पडतं ना, त्या अजिनोमोटोतलंच!

आता कुणी म्हणेल, गारठ्याला कॅल्शियम, अळीलाही कॅल्शियम, मग झाडाला कळतं कसं काय झालंय ते? आपली शाळेची घंटा आठवा. एकच टोल पडला तर तास संपला, घणघण वाजत राहिली की शाळा सुटली. घंटा तीच, ठोके वेगळे. कॅल्शियम किती चढलं, किती वेळ टिकलं, कितीदा चढलं-उतरलं, यावर बरंच ठरतं. शिवाय ते ऐकणारी प्रथिनंही निरनिराळी. बांध फुटून खाडीचं पाणी भातात शिरतं तेव्हा काय होतं, ते आमच्या कोकणातल्या खार जमिनीवाल्यांना सांगायला नको. तिथे मुळांतलं एक प्रथिन कॅल्शियमची चाहूल घेतं, दुसऱ्याला जागं करतं आणि ते तिसऱ्याला, म्हणजे सोडियम बाहेर टाकणाऱ्या पंपाला, कामाला लावतं. या तिघांच्या मालिकेचं नाव आहे एसओएस. बुडत्या जहाजाची हाक!

मग शेतकरी मित्र विचारतात, कॅल्शियम नायट्रेट फवारलं तर हे निरोप जोरात जातील का? तसं नाही हो. टोमॅटोचं बूड काळं पडून सडतं, तिथे फळाला कॅल्शियम कमी पडलेलं असतं, आणि त्यासाठी ते देणं योग्यच. पण ते भिंतीच्या बांधकामाचं सामान झालं. तिथेही पुष्कळदा जमिनीत कॅल्शियम असतंच. पाणी एकदा तुंबवायचं, एकदा ताणायचं, असं झालं की ते फळापर्यंत चढत नाही. तेव्हा फवारा घेण्याआधी ठिबक नीट चालतंय का, ते वाकून बघा.