तीन, ई, डी, सी

(दृश्य: अंबाजोगाईतलं एक दुरुस्तीचं दुकान. टेबलावर पिशवीतून काढलेले कीबोर्ड.)

टायपिंगची सरकारी परीक्षा जवळ आली की इथे क्लासवाल्यांची ये-जा वाढते. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०, बॅचवर बॅच. कीबोर्डला उसंत नाही. यातल्या एकावर तर चहाही सांडलाय.

क्लासचे सर विचारतात, "भाऊ, पाच बटनं बंद हायत. नवाच घेऊ का?"

"थांबा की सर. कोणती बंद हायत ते तर बघू."

नोटपॅड उघडून एकेक कळ दाबली जाते. तीन, ई, डी, सी आणि वरची एफ-थ्री. बाकीच्या ठणठणीत. पेचकस अजून हातात घेतलेला नाही, पण अर्धं निदान झालंय.

एकटीच कळ मेली असती, तर तिच्याखाली कचरा असता किंवा रबराची टोपी फाटलेली असती. पाच एकदम गेल्या, म्हणजे दुखणं वेगळं. १०४ कळांना १०४ तारा देणं परवडत नाही, म्हणून आत रेषांची जाळी असते. समजा ८ आडव्या, १८ उभ्या. एवढ्या २६ रेषांवर सगळ्या कळांचं भागतं. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेष भेटते, आणि कोणत्या दोघी भेटल्या त्यावरून चिप अक्षर ओळखते. एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी अक्षरं मुकी.

(दृश्य: कीबोर्ड पालथा. स्टिकरखाली लपलेला स्क्रू निघतो.)

पालथाच उघडायचा, नाहीतर टोप्या दुकानभर सांडतात. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन पडदे. वरच्या-खालच्यावर चांदीच्या शाईच्या रेषा, मधला कोरा, फक्त भोकं पाडलेला. पडद्याची जीभ सर्किटवर पट्टीने दाबलेली असते. पहिला संशय तिथेच, कारण पट्टीचा स्क्रू ढिला झाला तरी हाच बिघाड दिसतो. भाऊ जीभ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, स्क्रू आवळून बघतात. फरक नाही.

मग मल्टिमीटर, रेष सलग असली की वाजणारा. ई ते डी, बीप. जिभेपासून ई पर्यंत मात्र गप्प. जीभ आणि ई यांच्या मधोमध चहाचा तपकिरी ओघळ, आणि त्याखाली चांदीची रेष काळी पडून नखाच्या टोकाएवढी गायब.

इथे सोल्डरिंगचा उपयोग नाही, पडद्याचं पॉलिस्टर वितळतं. ॲसिटोनही लांबच ठेवायचं, ते शाई उठवतं. तुटक्या जागेच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून मधल्या फटीत टाचणीने चांदीचा कंडक्टिव्ह रंग.

"जास्त लावला तर शेजारच्या रेषेला चिकटतोय. मग ई दाबलं की आरसुद्धा उमटतंय."

रंग वाळतो. बीप. तीन, ई, डी, सी.

साधा कीबोर्ड तीन-चारशेला नवा मिळतो, तेव्हा घरच्या एकासाठी एवढा खटाटोप करावाच असं नाही. क्लासच्या पिशवीभर कीबोर्डांचं गणित वेगळं. तरी पिशवीतला पुढचा उघडताच भाऊ मान हलवतात. पडद्यांच्या कडा एकमेकींना चिकटवलेल्या, आत ओल, शाई ठिकठिकाणी काळी.

"हा सोडा सर. याचे स्क्रू अन् टोप्या तेवढ्या काढून घेतो."