खोडाचं कोरल घ्या, जाजमाचं नको

मंडळी, पंचगंगेतली जलपर्णी बघितली नाही असा कोल्हापूरकर या हॉलमध्ये कोण नसणार. फूल किती देखणं, पण एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, टोकाला नवीन रोप, त्याला परत धुमारा, आणि बघता बघता पाणीच दिसायचं बंद. कोरलवर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात त्या प्रवाळावर बोलायचंय आणि सुरुवात इथनं केली, कारण माझ्या तीन फुटी टँकमध्ये नेमकं हेच झालं.

पहिलं सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेलं मऊ प्रवाळ, घेतलं ते ग्रीन स्टार पॉलिप. दुकानात सांगितलं, नवीन माणसाला हेच द्या, मरतच नाही. खरंच मरत नाही ओ! मधल्या मोठ्या दगडावर चिकटवलं, त्याची खालची जांभळी साय दगडावर सरकत गेली आणि वर्षभरात सगळा दगड झाकला. मी ब्रशनं घासलं, ब्लेडनं खरवडलं, फटीत राहिलेल्या कणातनं परत आलं. शेवटी दगडच बाहेर काढला, आणि त्यावरचं रिकॉर्डिया मशरूम कोरल सायीखाली गुदमरून गेलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून घेताना रंग बघायच्या आधी एक बघा, हे खोडावर वाढतंय का जाजमासारखं पसरतंय? ग्रीन स्टार, क्लोव्ह पॉलिप, झोआ हे जाजमवाले. (झोआ सॉफ्ट कोरलमध्ये विकतात पण ते वेगळ्या कुळातलं, आणि काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, ग्लोव्ह्जशिवाय हात लावू नका, त्याचा दगड कधीच उकळू नका.) यातलं काही आवडलंच तर वाळूत सुटा दगड ठेवा, बाकीच्या दगडांपासून लांब, आणि कडेवर लक्ष ठेवा.

दोन मात्र खोड दाखवून फसवतात. झेनिया, ते हात उघडझाप करणारं, सरकत जातं आणि दुभागत राहतं. केनिया ट्री फांद्या गाळतं, त्या प्रवाहात वाहत जाऊन कुठंही रुजतात.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर लेदर कोरल. टोडस्टूल म्हणजे सार्कोफायटन, एक जाड खोड, वर छत्री, छत्रीवर पॉलिप म्हणजे फुलासारखे इवले जीव, प्रत्येकाला आठ हात. जिथं लावाल तिथंच राहतं. फिंगर लेदर म्हणजे सिन्युलॅरिया, तेही तसंच. पण पसरत नाही म्हणजे लहान राहतं असं नाही, टोडस्टूलची छत्री फूटभर होऊ शकते, त्यामुळं आजूबाजूला जागा आधीच सोडा, नाहीतर खालच्यावर सावली पडते.

आता टोडस्टूल घरी आणल्यावर एक दिवस असा येणार की पॉलिप आत, अंगावर मेणचट पापुद्रा, आणि तुम्हाला वाटणार मेलं. मेलेलं नसतं, कात टाकतंय ते. चार दिवस लागतील, कधी आठवडा दोन आठवडे. प्रवाह थोडा वाढवा म्हणजे पापुद्रा निघून जाईल, आणि तेवढे दिवस हात घालू नका, जागा बदलू नका, खरंच नका.

लेदर पसरत नसलं तरी पाण्यात रसायन सोडून शेजाऱ्याला दाबतं, विशेषतः दगडी सांगाड्याच्या हार्ड कोरलला. म्हणून फिल्टरमध्ये ते शोषून घेणारा कार्बन, म्हणजे फिल्टरचा कोळसा, ठेवायचा आणि वेळच्या वेळी बदलायचा. बाकी खारटपणा 1.025 (विशिष्ट गुरुत्व), तापमान 25-26 अंश, उजेड मध्यम, हे स्थिर ठेवा. एक मोह टाळा, डेंड्रोनेफ्थिया. लाल-केशरी, डोळ्यात भरतं, पण ते उजेडावर जगत नाही, सतत बारीक खाणं लागतं आणि घरच्या टँकमध्ये बहुतेक वेळा उपाशी मरतं.

आणि मालवणला गेलात तर समुद्रातनं काही उचलून आणू नका. हार्ड कोरल आणि सी फॅन म्हणजे पंख्यासारख्या कोरलला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ते तिथंच शोभतं.

माझ्या टोडस्टूलची छत्री गेल्या महिन्यात छाटली, तिचे तीन तुकडे दगडाला धरलेत, मागं बादलीत आहेत. पैसे नकोत. टँक निदान तीन महिने चालू असलेल्यांनी घेऊन जा, आणि कुठं लावणार ते मला आधी सांगा.