नागपुरातली टाळी, नॅशव्हिलचा काउंटर

(पडद्यावर: स्वयंपाकघराची खिडकी. भांड्यांचा आवाज.)

ओहायो राज्यातलं मॅसिलन गाव. १९३०चं दशक. आई पाठमोरी उभी राहून स्वयंपाक करते आहे. बाहेरचं काम उरकून शाळकरी जिमी घरी येतो आणि सहज सांगून टाकतो, की वाटेत गाडीत बसलेल्या एका गोऱ्या पोरानं मला रंगावरून शिवी दिली, मग मी जाऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. आई वळून बघत नाही. हातातलं काम चालूच. ती एवढंच विचारते, ‘‘जिमी, त्यानं काय भलं झालं?’’ आणि मग बराच वेळ समजावत राहते, की याहून चांगली वाट असलीच पाहिजे.

ही गोष्ट कुठल्या वर्तमानपत्रात येणार होती? ती आज आपल्यापर्यंत पोचते, कारण तो मुलगा पुढे आयुष्यभर, मुलाखत घ्यायला आलेल्या माणसांना ती सांगत राहिला. त्याचं नाव जेम्स लॉसन.

(पडद्यावर: फिरणारी टेप.)

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचे फोटो आपण पाहिलेले असतात. मोर्चे, पोलीस, कुत्रे. पण फोटोत तयारी दिसत नाही, भीती दिसत नाही. त्यासाठी माणसांना बोलतं करावं लागतं. २००९ साली अमेरिकी संसदेनं कायदाच केला, की या लढ्यात उतरलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवाव्यात. दक्षिणेकडच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानंही आपल्या शहरापुरतं हेच काम केलं.

लॉसन यांच्या आठवणींतला एक धागा थेट आपल्या नागपूरला येतो.

कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी नकार दिला. पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्याला सवलत मिळू शकत होती. तीही त्यांनी मागितली नाही. १३ महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट चर्चच्या वतीनं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. विद्यार्थ्यांमध्ये राहिले, त्यांना खेळ शिकवले, गांधींचा सत्याग्रह समजून घेतला.

डिसेंबर १९५५. हातात ‘नागपूर टाइम्स’. पहिल्या पानावर बातमी: अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय, आणि त्यांचा पुढारी आहे मार्टिन लूथर किंग नावाचा तरुण पाद्री. लॉसन सांगत, की ते जागच्या जागी उड्या मारायला लागले, ओरडले, टाळ्या पिटल्या. शेजारच्या खोलीतले सहकारी काय झालं म्हणून धावत आले.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. ज्या वाटेचा शोध आईच्या त्या प्रश्नापासून चालू होता, ती वाट आपल्याच माणसांनी धरल्याचं त्यांना नागपुरात बसून कळलं.

अमेरिकेत परतल्यावर १९५७ मध्ये लॉसन आणि किंग भेटले. दोघंही २८ वर्षांचे. किंग म्हणाले, शिक्षण संपायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले.

(पडद्यावर: चर्चमधली साधी खोली, ओळीनं खुर्च्या.)

क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये त्यांच्या अहिंसक लढ्याच्या कार्यशाळा चालायच्या. तिथे येणारे विद्यार्थी म्हणजे डायान नॅश, जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट. काही जण गोरे गुंड व्हायचे, बाकीचे खुर्चीत बसायचे. मग शिव्या, तोंडावर सिगारेटचा धूर, खुर्चीवरून खाली ओढणं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, साथीदाराला मार बसत असेल तर मध्ये आडवं कसं व्हायचं, सगळ्याचा सराव. डायान नॅश यांना सुरुवातीला हे पटत नव्हतं. अहिंसेनं काही होईल असं त्यांना वाटेना. हे त्यांनीच नंतर मोकळेपणानं सांगितलं आहे.

१३ फेब्रुवारी १९६०. शहरात बर्फ पडलेलं. सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी चांगले कपडे घालून दुकानांत शिरले, किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि जिथे काळ्यांना खायला मिळत नसे त्या दुकानातल्याच लंच काउंटरवर, म्हणजे खाण्याच्या जागी, जाऊन बसले. २७ फेब्रुवारीला मारहाण झाली. अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच, ८१ जणांना. लॉसन शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं.

त्या दिवसांतली एक आठवण लाफायेट सांगायचे. चामड्याचं जाकीट घातलेला एक तरुण लॉसन यांच्यावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. त्यानं गोंधळून दिलासुद्धा. तोंड पुसून रुमाल परत करत लॉसन यांनी विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? आणि दोघं गाड्यांवर बोलू लागले.

१९ एप्रिलच्या पहाटे चळवळीचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो माणसं मुक्यानं चालत महापौरांकडे गेली. डायान नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमक्ष विचारलं, रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला चूक वाटतं का? वेस्ट यांनी चूक असल्याचं मान्य केलं. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.

(पडद्यावर: ग्रंथालयाची मोठी काच, खाली चर्च स्ट्रीट.)

ज्या भागात ती निदर्शनं झाली, तिथला चर्च स्ट्रीट आज नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या या खोलीतून दिसतो. आत एक काउंटर मांडला आहे आणि त्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेले नियम लिहिले आहेत. उलट मारू नका. ताठ बसा. येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण विसरू नका.

लॉसन ९ जून २०२४ रोजी गेले. वय ९५. त्यांच्या मुलाखती मात्र जपलेल्या आहेत.

हिस्लॉपच्या मैदानावर त्यांच्या हाताखाली खेळलेली मुलं आज नव्वदीच्या आसपास असतील. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असे कोणी आजोबा असतील, तर आज संध्याकाळीच जा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: आजोबा, ते अमेरिकेहून आलेले सर तुम्हाला आठवतात का?