दोन शॉटांच्या मधलं अवकाश स्थानक

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, नाशिकमध्ये माहितीपटावर बोलायचं तर सुरुवात त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांपासूनच व्हायला हवी. ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण करत त्याची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’. चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं, त्यासाठी केलेला हा छोटा प्रयोग. पडद्यावर दाण्याचा बघता बघता वेल झाला.

ही फिल्म पाहणाऱ्याला वाटाणा किती दिवसांत वर येतो हे माहीत होतं. डोळ्यांना घाई दिसली तरी मनात महिना होता. अवकाश स्थानकाच्या माहितीपटात नेमका हाच आधार नसतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची मुख्य बांधणी १९९८ ते २०११, म्हणजे जवळपास तेरा वर्षं चालली. ती आपण पंचेचाळीस मिनिटांत दाखवतो. पडद्यावरच्या एका मिनिटात साडेतीन महिने जातात, आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो. एक डबा येतो, दुसऱ्याला चिकटतो, संगीत चढतं, तिसरा येतो. मुलांना वाटतं, आगगाडीला डबे जोडले.

माझं म्हणणं एवढंच आहे : माहितीपट दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. दोन शॉटांच्या मध्ये जे कापलं गेलं, ते परत जागेवर ठेवणं म्हणजे शिकवणं. त्यासाठी लागणारं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे थांबवायचं बटण.

आपल्याकडे होतं काय? २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन येतो. सभागृहात दोनशे मुलं, खिडक्यांना सतरंज्या, इंग्रजी निवेदन, मागच्या रांगांना ऐकू येत नाही. पंचेचाळीस मिनिटं सलग. मग दिवे, आभारप्रदर्शन, आणि दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेला माहितीपट’ या विषयावर दहा ओळी. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्या दोनशेतल्या निदान पन्नास जणांच्या मनात प्रश्न आलेला असतो आणि तो अंधारातच विझतो.

पहिला थांबा अगदी सुरुवातीला घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना विचारा, द्राक्षाचा मांडव उभा करताना आधी अँगल की आधी तार? ती हसतील. अँगलशिवाय तार ताणायची कशाला? मग विचारा, स्थानकाचा कोणता भाग आधी पाठवायचा? उत्तर आल्याशिवाय फिल्म पुढे सरकवू नका.

झार्या हा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ ला कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून गेला. वजन सुमारे एकोणीस टन. त्याला स्वतःचे सौरपंख होते, इंजिनं होती, इंधनाच्या टाक्या होत्या, म्हणून तो वर एकटा तग धरू शकत होता. दोन आठवड्यांनी शटल या अमेरिकी अवकाशयानातून युनिटी हा दुसरा भाग गेला. त्याला सहा दारं. पुढचे भाग जोडायचे ते या दारांना. पण त्याच्याकडे ना वीज, ना दिशा सांभाळायची सोय. क्रम उलटा केला असता तर सहा दारांची अंधारी खोली वर गोते खात राहिली असती. दोन्ही जुळल्यावर काम संपलं नाही. अंतराळवीरांनी बाहेर जाऊन हातांनी केबली जोडल्या, तेव्हा युनिटीत वीज आली. बहुतेक माहितीपटांत यानंतर लगेच आत तरंगणारे तीन हसरे चेहरे दिसतात. तिथे थांबा आणि फळ्यावर लिहा : २३ महिने. राहायची जागा आणि शौचालय असलेला झ्वेझ्दा जुलै २००० मध्ये आला आणि पहिला चमू २ नोव्हेंबर २००० ला आत शिरला.

आता एका प्रसंगावर जरा रेंगाळणार आहे, कारण स्थानकबांधणीचा अख्खा अभ्यासक्रम त्यात मावतो.

डिसेंबर २००० मध्ये पहिले मोठे सौरपंख वर गेले. एकेक पंख सुमारे ३५ मीटर लांब, १२ मीटर रुंद. कबड्डीची पावणेतीन मैदानं एकापुढे एक मांडा, तेवढा. या पंखांची कायमची जागा होती कण्याच्या, म्हणजे स्थानकाच्या लांब आडव्या सांगाड्याच्या, डाव्या टोकाला. पण तेव्हा कणाच बांधलेला नव्हता! वीज तर लगेच हवी, कारण फेब्रुवारी २००१ मध्ये डेस्टिनी ही प्रयोगशाळा यायची होती. म्हणून ती जोडी तात्पुरती स्थानकाच्या माथ्यावर बसवली. घर बांधताना आपण साईटवर टेम्पररी मीटर घेतो ना, तसंच. पुढे कणा वाढत जाणार, मग पंख मिटून टोकाला हलवणार, असा बेत.

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे शटल कोसळलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. कण्याचं काम सप्टेंबर २००६ पर्यंत अडलं, आणि तात्पुरते पंख ऊन-थंडीत उघडेच राहिले. डिसेंबर २००६ मध्ये त्यातला एक मिटायला घेतला, तर घड्या नीट पडेनात. कागदी पंख्यासारख्या घड्यांचा हा पंख. त्याला वळण लावणाऱ्या तारा बारीक भोकांतून जातात, त्या अडकत होत्या. सुनीता विल्यम्स आणि रॉबर्ट कर्बीम यांनी बाहेर जाऊन पंख ज्या पेटीत मिटतो तिला हादरे दिले, आणखी एक वेगळी फेरी करावी लागली, तेव्हा कुठे तो मिटला.

ऑक्टोबर २००७ मध्ये पंखांची जोडी टोकाला नेली. पहिला पंख उघडला. दुसरा, हाच त्रास देणारा, बराचसा उघडला आणि ३० ऑक्टोबरला फाटला. तार अडकली होती; मोठी फाट अडीच फुटांच्या आसपास. आता पुढे उघडता येईना आणि मिटताही येईना. ऊन पडतंय तोवर त्यात वीज तयार होणारच, शंभर व्होल्टपेक्षा जास्त. ती बंद करायला बटण नाही. शिवाय जागा इतकी दूर की स्थानकाचा साडेसतरा मीटरचा यांत्रिक हातही पोचेना.

इथे फिल्म थांबवा. मुलांच्या प्रत्येक गटाला घड्या घातलेलं, मध्ये फाटलेलं वर्तमानपत्र द्या, पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या द्या, बारीक तांब्याची तार द्या, आणि सांगा : कागदाला हात न लावता शिवा. दहा मिनिटं. बहुतेक गट तार फाटीच्या अगदी काठातून ओवतात आणि ओढतात. कागद आणखी फाटतो. एखादा गट दूरच्या शाबूत भागाला भोक पाडून फाटीच्या आरपार तार बांधतो. ताण तारेवर येतो, फाट सैल राहते. ओरडा होतो. तेव्हा पुढचा भाग दाखवा.

वरच्या लोकांनी तेच केलं. ॲल्युमिनियमची पट्टी, तार आणि चिकटपट्टी यांच्यापासून त्यांनी स्थानकातच पाच ‘कफलिंका’ बनवल्या. शर्टाच्या बाहीला असते ना, तशीच कल्पना : तार एका भोकातून घालायची आणि पलीकडे पट्टी आडवी अडकवायची. भोकं पंखात आधीचीच, मजबूत कडांची. हात पुरत नाही म्हणून शटलची पंधरा मीटरची काठी हाताच्या टोकाला धरली आणि काठीच्या टोकाला स्कॉट पॅराझिन्स्की उभे राहिले. हत्यारांचे धातूचे भाग विजेच्या भीतीने चिकटपट्टीत गुंडाळलेले. नुसतं जागेवर पोचायलाच पाऊण तास. ३ नोव्हेंबरला सात तासांहून जास्त बाहेर राहून त्यांनी अडकलेली तार कापली, पाचही कफलिंका बसवल्या आणि पंख पूर्ण उघडला. तेव्हा स्थानकाची सूत्रं पेगी व्हिटसन यांच्याकडे आणि शटलची पामेला मेलरॉय यांच्याकडे होती. वर्गातल्या मुलींना हे आवर्जून सांगा.

पडद्यावर हे सगळं चार मिनिटं असतं. मागची सात वर्षं जोडून दिली की मूल स्वतः म्हणतं, कणा वेळेवर झाला असता तर पंख फाटलाच नसता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं राहिली. ज्या आराखड्यासाठी तुम्हाला बोलावलं तो झटपट देतो.

पस्तीस मिनिटांच्या चार तासिका, वर्गात पन्नासपेक्षा जास्त मुलं नकोत. एका तासिकेत बारा मिनिटांपेक्षा जास्त फिल्म नको. तीन-तीन मिनिटांचे तुकडे आधीच कापून पेन ड्राइव्हवर ठेवा, इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. आवाज बंद करा, निवेदन मराठीत तुम्ही करा.

पहिली तासिका क्रमाची, वर सांगितली तशी. दुसरी कॅमेऱ्याची : प्रत्येक शॉटला विचारा, कॅमेरा कुठे होता? शिरस्त्राणावर, यांत्रिक हातावर, की खिडकीत? बाहेर, जिथे कुणीच नाही अशा जागेवरून दिसत असेल तर तो बहुधा संगणकी देखावा. अपवादही सांगा : मे २०११ मध्ये अंतराळवीर पाओलो नेस्पोली यांनी परत निघालेल्या सोयुझ या रशियन यानातून शटलसह अख्खं स्थानक टिपलं, ती छायाचित्रं खरी आहेत. याच तासिकेत ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हा गैरसमज काढा. ४०० किलोमीटरवर ते जमिनीच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. स्थानक आणि माणसं सोबत पडत असतात, म्हणून तरंगतात.

तिसरी हातमोज्यांची : आत स्वयंपाकघरातले रबरी, वरून वेल्डिंगचे. आठ मिलिमीटरचा नट बोल्टवर चढवायचा, घड्याळ लावून. प्रत्येक नटाला दोरा बांधा. सुटला तर बाद, कारण वर तो खाली पडत नाही, निघून जातो. नोव्हेंबर २००८ मध्ये हत्यारांची अख्खी पिशवी अशीच गेली.

चौथी आपली. इस्रोच्या स्पेडेक्स या यान-जोडणीच्या प्रयोगाची दोन यानं, प्रत्येकी सुमारे २२० किलोची, ३० डिसेंबर २०२४ ला गेली. जोडणी दोनदा पुढे ढकलून १६ जानेवारी २०२५ ला झाली. पुढे ढकलली ते दिवस मुलांना मुद्दाम मोजायला लावा. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पाचही भाग २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे. त्या पाच भागांचा क्रम मुलांनी ठरवायचा, आणि प्रत्येक भागापुढे ‘आधी का?’ लिहायचं.

शेवटी मैदानावर फक्कीने स्थानकाची टोकापासून टोकापर्यंतची १०९ मीटर लांबी आखा आणि सौरपंख काढा, एका टोकाला चार, दुसऱ्याला चार. दोरी सुतळीची नको, ती ताणल्यावर वाढते. गवंड्याची नायलॉनची घ्या आणि दर दहा मीटरला गाठ मारून ठेवा. मैदान लहान असेल तर निम्म्या मापाने आखा, पण पंखही निम्मेच करायला विसरू नका.