फक्कीचा स्विमिंग पूल

नमस्कार मंडळी. कूलरच्या टाकीत पाणी भरलं का? नसेल तर पाइप सोडून या, मी आहे इथंच.

तर आज बोलायचंय स्विमिंग पूलबद्दल. आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसवर एक पूल व्हावा म्हणून आम्ही काही मंडळी चार वर्षांपासून चकरा मारून राहिलो. हॉटेलातला नाही, क्लबातला नाही, सार्वजनिक. पुन्हा सांगतो, सार्वजनिक, म्हणजे ऑटोवाल्याच्या पोराला पण महिन्याचा पास परवडला पाहिजे. अंबाझरी रोडला नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, पूल आहे ना, म्हणणारे भेटतात. आहे, छान आहे, पण शहराच्या या टोकाहून मे महिन्यात पोराला डबलसीट नेऊन परत आणायचं म्हणजे पोहून आलेला गारवा घरी येईस्तोवर वाफ होऊन जाते. मग पोरं काय करतात, जवळची खदान गाठतात. खदानीचा काठ उभा तुटलेला असतो, धरायला काही नाही, आणि खोली कोणालाच माहीत नसते. सुट्ट्या लागल्या की पेपरात ती बातमी येतेच, मी इथं वाचून दाखवत नाही.

आता ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कुठून आणणार? पेंच धरणाचं पाणी प्यायला पुरवतो आपण, हे तुमचे लाड कशाला? तर हिशोब ऐका. २५ मीटर बाय साडेबारा मीटर, सरासरी खोली दीड मीटर, झालं पावणेपाच लाख लिटरच्या आत. दहा हजारवाले ४७ टँकर. पण हे एकदाच, मंडळी, एकदाच! पुढं तेच पाणी फिल्टरमधून फिरतं, क्लोरीन पडतं. उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटर उडालं धरा, तर तीन हजार लिटरच्या वर थोडंसं, फिल्टर धुवायला लागेल ते वेगळं. आमच्या लेआउटमधे कार धुण्यात किती जातं ते मी मोजलेलं नाही, मोजलं तर भांडणं होतील. आणि पाण्याचं एवढंच प्रेम असेल तर गल्लीबोळात हे सिमेंट रोड कशाला ओतले, पावसाचं पाणी मुरायला जागा नाही आणि रात्री अकरापर्यंत रोड तव्यासारखा, कुत्री बसत नाहीत त्यावर. असो, तो वेगळा कार्यक्रम होईल.

मला खरं सांगायचंय ते फक्कीचं.

झालं असं की एका साहेबांनी आम्हाला विचारलं, "डिमांड आहे का पण? पोहणार कोण?" सह्या दिल्या तर म्हणे सह्या कोणीही करतं. बाहेर चहाच्या टपरीवर आमचे काकाजी, रिटायर्ड पीटी मास्तर, म्हणाले, "काऊन बे, दाखवूनच देऊ ना मग." दोन पोती चुन्याची फक्की, टेप, सुतळी. रविवारी सकाळी साडेसहाला ओपन स्पेसवर बरोबर मापानं पूल आखला, सहा लेन पाडल्या, इकडं शॅलो, तिकडं डीप, शॅलोकडं उतरायच्या तीन पायऱ्या पण आखल्या. पोरं टॉवेल-चष्मे घेऊन हजर, सतरंज्या टाकून पालथी पडली आणि हातपाय मारून राहिली, धूळ अशी उडाली की विचारू नका. पहिल्या मजल्यावरच्या आजी नऊवारी किंचित वर धरून त्या आखलेल्या पायऱ्या एकेक करून उतरल्या आणि "थंड आहे गं बाई" म्हणाल्या. एक पोट्टं डीपकडं पळालं तर त्याची आई ओरडली, "तिकडे जाऊ नको, खोल आहे!" आणि ते खरंच थांबलं! काकाजी शिट्टी घेऊन लाइफगार्ड. आठच्या सुमारास एक गाय आली आणि लेन नंबर चारमधे बसली, तिला कोणी उठवू शकलं नाही, बाकीच्या लेन सुरू ठेवल्या.

साहेबांना निरोप दिलेला होता पण येतील असं वाटलं नव्हतं. आले, स्कूटीवर, काखेत फाइल. काकाजी पार पलीकडच्या टोकाला उभे, साहेबांना त्यांच्याकडं जायचं होतं. सरळ मैदानातून चालत गेले असते तर २५ मीटर. पण मंडळी, साहेब काठाकाठानं गेले. फक्कीच्या बाहेरून, कोपऱ्यावर वळून, पँट थोडी वर धरून! काकाजींनी विचारलं, "साहेब, मधून काऊन नाही आले?" साहेब खाली पाहतात तर काय, पायाखाली कोरडी माती. आधी हसले, मग म्हणाले, "बूट भिजले असते ना."

त्यानंतर फाइल हलली, इतकंच म्हणतो. मातीचे नमुने नेलेत, कारण आपली काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, वरवर टाकी बांधली तर तडकणार, पाया खाली मुरुमापर्यंत न्यावा लागेल. रिपोर्ट यायचाय. बायकांची बॅच मात्र सकाळची हवी, दुपारी एकची नको, हे आत्ताच लिहून घ्या म्हणून आजींनी साहेबांना तिथंच बजावलंय.

पहिल्या पावसात आमचा पूल वाहून गेला, साहजिकच. म्हणून येत्या रविवारी पुन्हा आखतोय, साडेसहाला, पुन्हा सांगतो, साडेसहाला. नंतर तर्री-पोहे आहेत. फक्त चपला काठाबाहेर काढा, आणि डीपकडं कोणी एकट्यानं जायचं नाही, काकाजी शिट्टी मारतात.